विशेष मुलांच्या पालकांचा आधारगट, ठाणे-नवी मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, आणि गेली नऊ वर्षं आम्ही काही पालक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठाण्यात भेटतो. फोनवर, शाळेच्या गेटबाहेर, थेरपी सेंटरच्या बाकड्यावर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतेय. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी, ज्यांना मदत करायचीय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आपल्याच एरियात, ऐरोलीला, नेरुळला, खारघरला असा ग्रुप काढायचाय त्यांच्यासाठी तर जास्तच.

ग्रुप नक्की करतो काय?

भेटतो, गोल करून बसतो, बोलतो आणि ऐकतो. थेरपी देत नाही, निदान करत नाही, शाळेत ॲडमिशन मिळवून देत नाही. हे आधीच सांगते कारण बरेच जण फाईल घेऊन येतात आणि डॉक्टर कोण आहेत विचारतात. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, त्या वर्तुळात काळजी घेणाऱ्या माणसासाठी 'शुभंकर' असा एक सुंदर शब्द रुळलाय. मुलासाठी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) असते, स्पीच थेरपी असते, स्पेशल एज्युकेटर असतात. शुभंकरासाठी कोण असतं? तेवढी एकच जागा आम्ही धरून बसलोय.

निदान अजून झालेलं नाही, आलं तर चालेल का?

या. निदानाचा कागद कोणी बघत नाही. ऑटिझम, एडीएचडी, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, लर्निंग डिसॅबिलिटी, सगळ्यांचे पालक असतात, आणि दर दोनेक महिन्यांनी एखादी आई येते जिचं मूल अडीच वर्षांचं आहे, बोलत नाही, आणि घरात सगळे म्हणतायत की मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. त्या आईला आम्ही 'काही नसेल गं' असंही म्हणत नाही आणि 'नक्की ऑटिझमच असणार' असंही म्हणत नाही. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखव, तारीख घे, आणि तारीख मिळेपर्यंत एकटी बसू नकोस, एवढंच.

पहिल्यांदा आल्यावर बोलावंच लागतं का?

नाही. एक दादा तीन महिने आत आलेच नाहीत. बायको आत बसायची, ते बाहेर चपलांच्या स्टँडपाशी, हातात मुलाची पाण्याची बाटली आणि मोबाईल. कोणी त्यांना ओढून आत आणलं नाही, चहा मात्र दर वेळी बाहेर नेऊन दिला. चौथ्या महिन्यात ते दाराच्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसले, आणि पाचव्या महिन्यात पहिलं वाक्य बोलले ते असं, की मला त्याला घेऊन ट्रेनने जायची भीती वाटते.

आता आमचा एक नियम, जो मी कितीही वेळा सांगितला तरी मला कमीच वाटतो. नवीन पालकाला पहिल्या भेटीत सल्ला द्यायचा नाही. त्याने विचारला तरी लगेच नाही, आधी त्याला पूर्ण बोलून होऊ दे. याचं कारण मी स्वतः आहे. मी पहिल्यांदा दुसरीकडे एका मीटिंगला गेले होते तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, रिपोर्ट हातात येऊन आठ दिवस झाले होते. मी अर्धं वाक्य बोलले आणि सल्ले सुरू झाले. गहू बंद करा, दूध बंद करा, दादरला एक डॉक्टर आहेत, टीव्ही काढून टाका, नोकरी सोडली का अजून, दुसरं मूल होऊ द्या म्हणजे याला कंपनी मिळेल. सगळे मनापासून सांगत होते, वाईट कोणीच नव्हतं. पण मी घरी आले ती अकरा कामांची यादी घेऊन, आणि माझं अर्धं वाक्य पोटातच राहिलं. त्या दिवशी कोणीतरी नुसतं 'दमलीस ना, बस' म्हटलं असतं तर मला पुरलं असतं. आमच्याकडे नवीन माणसाला पहिलं वाक्य हेच असतं.

मुलाला बरोबर आणू का? आवाज करतो, पळतो.

आणा. आवाज करणारी, पळणारी, टाळ्या वाजवणारी, एकच ओळ शंभर वेळा म्हणणारी, सगळी मुलं इथे येतात आणि कोणी वळून बघत नाही. शेजारच्या खोलीत मुलं असतात. तिथे कायम दोन मोठी माणसं, कधीही एक नाही, आणि दार उघडं. बाथरूमला नेणं हे पालकाचं काम, व्हॉलंटियरचं नाही, तो हाक मारायला येईल. येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: कशाने शांत होतो, कशाने बिथरतो, खायला काय चालत नाही. एका मुलीच्या कागदावर 'कुकरची शिट्टी' एवढंच लिहिलं होतं, म्हणून त्या दिवशी हॉलच्या शेजारच्या काकूंना जाऊन विनंती केली की चार ते सहा कुकर नका लावू, आणि त्या तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी साडेतीनलाच भात लावून घेतात.

खोलीत ट्यूबलाईट चुरचुरत असेल तर ती बंद करायची, पंख्याचा वेग कमी ठेवायचा, आणि फुगे अजिबात नाहीत, वाढदिवस असला तरी नाहीत.

घरचे यायला तयार नाहीत. मी एकटीच येऊ का?

ये. निम्म्याहून जास्त जणी एकट्याच सुरुवात करतात. बाबा लोकांसाठी आम्ही वर्षातून दोनदा फक्त बाबांची भेट ठेवतो, तीही हॉलमध्ये नाही, उपवन तलावाच्या कट्ट्यावर. चालता चालता ते जास्त बोलतात असा अनुभव आहे. आजी-आजोबांना वादात हरवायला जाऊ नका. एका सासूबाईंना सुनेने काही समजावलं नाही, फक्त एकदा बरोबर आणलं, आणि दुसऱ्या एका आजींशेजारी बसवलं. बाकीचं त्या दोघींनीच केलं.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे का, मला लगेच ॲड करा.

लगेच नाही. एकदा प्रत्यक्ष भेटल्यावर. हा नियम एका वाईट अनुभवातून आलाय. एका आईने मुलाच्या मेल्टडाऊनचा, म्हणजे त्याचा स्वतःवरचा ताबा सुटून तो रडत-ओरडत होता त्याचा, व्हिडिओ टाकला होता, मदत मागायला, रात्री अकरा वाजता, बिचारी घाबरली होती. कोणीतरी तो कोणाला तरी 'यांना विचारून बघते' म्हणून पुढे पाठवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो तिच्याच सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. ती पुढे दोन महिने लिफ्टने नाही, जिन्याने जायची, पाचव्या मजल्यावर. म्हणून आता मुलांचे फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत, रिपोर्ट नाहीत, आणि ग्रुपवरचं काहीही फॉरवर्ड नाही. गुड मॉर्निंग, राजकारण, विक्री यातलं पण काही नाही. रात्री दहानंतर काही अडलं तर ग्रुपवर लिहिण्यापेक्षा फोनच्या पाळीवर जी ताई आहे तिला फोन करायचा.

मला व्हॉलंटियर व्हायचंय, पण माझं मूल असं नाही / मी कॉलेजात आहे.

खूप गरज आहे, आणि तरी थोडं थांबून घ्यायला सांगेन. पहिल्या दोन भेटींना फक्त बसायचं. मग सहा महिने, म्हणजे सहा रविवार, यायचं कबूल करायचं. एनएसएसचे तास भरायला एकदा येऊन फोटो काढून गेलेली मुलं आम्ही बघितलीत, मुलं चांगली असतात पण आमच्या पोरांना नवीन चेहऱ्याची सवय व्हायला तीन-चार भेटी लागतात, आणि सवय झाली की तो चेहरा गायब झालेला त्यांना कळतो. ज्याला सांगता येत नाही त्यालाही कळतो.

ओळखपत्राची झेरॉक्स आणि ओळखीच्या दोन माणसांचे नंबर आम्ही घेतो, अठरा वर्षांखालच्यांना मुलांच्या खोलीत एकटं कधीच ठेवत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असा संशय जरी आला तरी तो पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, 'आपण आपापसात बघू' हा पर्यायच नाही. चाइल्ड हेल्पलाईन १०९८. हे प्रत्येक व्हॉलंटियरला पहिल्याच दिवशी सांगतो.

व्हॉलंटियरला काम काय असतं?

बोलण्याचं काम कमी आणि हातापायाचं जास्त. चावी आणून हॉल उघडणं, खुर्च्या गोलात मांडणं (रांगेत मांडल्या की लगेच भाषण सुरू होतं, करून बघा), चहाचा थर्मास, मुलांची खोली, फोनची पाळी, माहितीची फाईल, आणि दाराशी उभं राहणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. नवीन माणूस जिन्यापर्यंत येतो आणि परत फिरतो, हे खूपदा होतं. चपलांच्या स्टँडपाशी तीन महिने उभे राहिलेले ते दादा आता हेच काम करतात. ते कोणाला 'या या' करत नाहीत, नुसतं विचारतात, ट्रेनने आलात की रिक्षाने.

गोल चालवणाऱ्याने, म्हणजे मीटिंग ज्याच्या हातात आहे त्याने, घड्याळ बघायचं, एकच माणूस पाऊण तास बोलतोय असं होऊ द्यायचं नाही, आणि रडणाऱ्याच्या हातात घाईघाईने रुमाल द्यायचा नाही. रुमाल दिला की त्याला वाटतं आता थांबायला हवं.

आमच्या एरियात नवीन ग्रुप काढायचाय, किती लोक लागतात?

तीन. चालेल, खरंच. पण ते तीन जण प्रत्येक महिन्याला येणारे हवेत. तारीख ठरवा आणि ती सणवार सोडून कधीच बदलू नका, एकच माणूस आला तरी दोघांनी भेटायचं. ठाण्याचा ग्रुप पहिले सात महिने चार जणांचाच होता, एकदा तर जुलैच्या पावसात मी आणि एक आई दोघीच होतो, पाणी गुडघ्यापर्यंत, आणि तिने त्या दिवशी जे सांगितलं ते दहा जणांत कधीच सांगितलं नसतं.

वेळ रविवारी चार ते सहा बरी पडते. सकाळी थेरपी असतात, नाहीतर आठवड्याची कपडे-भाजी. ट्रान्सहार्बरने येणाऱ्यांनी मेगाब्लॉक बघूनच निघायचं, कारण ठाणे-वाशी गाड्या बंद असल्या की बसने येण्यात दीड तास जातो आणि मूल तेवढ्यात थकून बिथरतं. म्हणूनच मी म्हणते की वाशी-नेरुळवाल्यांनी ठाण्याला येण्यापेक्षा आपला ग्रुप काढावा.

बातमी कशी पसरवायची तर थेरपी सेंटरच्या वेटिंगमध्ये एक छोटा कागद, बालवाडीच्या बाईंना सांगणं, एखाद्या बालरोगतज्ज्ञांच्या रिसेप्शनला विचारून ठेवणं. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची जिद्द शाळा आहे, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. अशा ठिकाणी बाहेर बसलेल्या पालकांशी बोला. ग्रुप बाकड्यावरच तयार होतो. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली तेव्हा त्या स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईच होत्या.

जागा कुठे मिळते?

सोसायटीचा हॉल, ग्रंथालयाची वरची खोली, शाळेचा रविवारी रिकामा वर्ग, देवळाचं सभागृह. तळमजला किंवा लिफ्ट, जवळ बाथरूम, आणि रस्त्याकडचं गेट बंद करता येणारं हवं, बस एवढं बघा. एका हॉलने आम्हाला पाच महिन्यांनी नको सांगितलं होतं, मुलं ओरडतात म्हणून. आम्ही भांडलो नाही, पण आता जागा घेतानाच कमिटीला स्पष्ट सांगतो की मुलं ओरडतील, आणि त्यांच्यापैकी एकाला पहिल्या भेटीला बोलावतो. ज्यांना जमणार नाही ते तेव्हाच नाही म्हणतात, मधे लटकत नाही.

रजिस्टर करायला हवं का?

नुसतं भेटायला काही नोंदणी लागत नाही. देणग्या घ्यायच्या, कोणाला पगार द्यायचा, सरकारी योजनेत अर्ज करायचा तर लागते. सोसायटी (राहायची नाही, संस्था या अर्थाने) म्हणून करायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. मग दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट. हे करणारा माणूस ग्रुपमध्ये कायमचा आहे का ते आधी बघा. मला विचाराल तर पहिली तीन वर्षं करूच नका.

पैसे कसे सांभाळता?

चहाच्या टेबलावर डबा असतो, ज्याला जमेल त्याने टाकायचे. हॉलचं भाडं दोघांच्या नावावर, हिशोब एका वहीत, वही टेबलावर उघडी. मोठी देणगी कोणी दिली तर नाही म्हणतो.

सर्टिफिकेट, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), योजना यांची माहिती मिळेल का?

फाईल आहे, आणि ती सांभाळणारे एक बाबा आहेत. थोडक्यात सांगते. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची दिव्यांगता होती आणि त्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्याने ती एकवीस झाली, ऑटिझम आला, लर्निंग डिसॅबिलिटी आली. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. तपासणीच्या दिवशी मुलासाठी खाऊ, पाणी, कानावर लावायचे हेडफोन न्या आणि बरोबर एक माणूस न्या, कारण एकाला रांगेत उभं राहावं लागतं आणि एकाला मुलाला बाहेर फिरवावं लागतं. ग्रुपमधला कोणी यायला तयार असतो, फक्त सांगा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यातली निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंत आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात, आणि विम्याआधी मेडिकल तपासणी लागत नाही.

आणि एक गोष्ट जी सतरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना पण माहीत नसते. मूल अठराचं झालं की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही, बँकेत सही अडते, तेव्हा धावपळ होते. त्याच नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा असतो, कमिटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. इथे नवी मुंबईकरांचा गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूरवाले ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, कामोठे, पनवेलवाले रायगड जिल्ह्यात, म्हणजे अलिबाग. खारघरची एक आई दोनदा ठाण्याला येऊन परत गेली, दोन रजा वाया, म्हणून हे मी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.

'पूर्ण बरं करतो' म्हणणारे लोक ग्रुपमध्ये बोलायला येऊ शकतात का?

नाही. एकदा एक गृहस्थ पालक म्हणून आले आणि चहाच्या वेळी पत्रकं वाटायला लागले, लाखातलं पॅकेज, स्टेम सेलच्या इंजेक्शनचं. दोन घरं दागिने गहाण ठेवायच्या विचारात होती. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही, परवानगी घेऊन चाललेल्या क्लिनिकल ट्रायलबाहेर ती द्यायची नाही, आणि ट्रायलसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हे आम्ही फाईलमध्ये ठेवलंय. ज्या पालकांनी आधीच पैसे घातलेत त्यांना मात्र एक शब्दही बोलायचा नाही. ते लोभापायी नाही गेले, मुलासाठी गेले.

कोणी अगदीच खचून बोलायला लागलं, जगायचं नाही वगैरे, तर?

त्याला एकटं सोडायचं नाही. सरळ विचारायचं, 'जीव द्यायचा विचार येतो का', विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरच्या कोणाला तरी बोलावून घ्यायचं, त्याच्यासमोर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला फोन लावायचा, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. जिवाला धोका वाटला तर ११२ किंवा थेट हॉस्पिटल. आणि त्या दिवशी ज्याने हे ऐकलं त्यालाही रात्री कोणीतरी फोन करायचा. आम्ही डॉक्टर नाही हे विसरायचं नाही, आणि आम्ही डॉक्टर नाही म्हणून गप्प बसायचं असंही नाही.

चालवणाराच थकला तर?

थकतो. चौथ्या वर्षी मी थकले. मुलगा वयात येत होता, रात्री झोपत नव्हता, आणि माझा फोन दिवसाला वीस-पंचवीस वेळा वाजायचा. एके दिवशी भाजी चिरताना फोन वाजला, एका नव्या आईचा, आणि मी तो उलटा ठेवला आणि चिरत राहिले. मग पुढचे सगळेच उलटे ठेवले. तीन महिने ग्रुप भेटला नाही, कारण चावी माझ्याकडे, नंबर माझ्याकडे, फाईल माझ्याकडे. चूक तिथेच होती. कळव्याची एक ताई घरी आली, काही विचारलं नाही, ओट्यावर डबा ठेवला आणि म्हणाली, चावी दे.

तेव्हापासून चावी दर सहा महिन्यांनी हात बदलते. फोनची पाळी आठवड्याची. गोल चालवायला दोघं, एक जुना, एक शिकणारा. आणि जो चालवतो त्यालाही दर तिसऱ्या महिन्यात नुसतं येऊन बसायचं, बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं, काम कुठलंही करायचं नाही.

पुढच्या भेटीला येताना काय आणू?

मुलाचा तो तीन गोष्टींचा कागद, त्याच्या ओळखीचा खाऊ, बदलायचे कपडे. तुमच्यासाठी काही नको. दुसरा रविवार, चार वाजता. उशीर झाला तर पाचला या, साडेपाचला आलात तरी चहा ठेवलेला असतो.